मर्चंट नेव्हीची जाहिरात आणि आईचं मन

नमस्कार ताई,

गुहागरहून आलेलं तुमचं पत्र आणि सोबतचा जाहिरातीचा फोटो, दोन्ही नीट पाहिलं. मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचंय. एक संस्था 'शंभर टक्के नोकरीची हमी' देते आणि आठवड्यात फी भरा म्हणते. त्यासाठी दागिने गहाण ठेवावे का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता ठेवू नका.

आपल्याकडे वाडीवाडीत कुणीतरी बोटीवर असतोच, म्हणून ही जाहिरात चटकन पटते. माणसाचं मन तीन वाटांनी वळतं, असं ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटलने सांगितलंय: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. तुमच्या फोटोत तिन्ही आहेत. पांढऱ्या गणवेशातला कॅप्टन विश्वासासाठी. पण त्याचं नाव नाही, तो तिथे शिकवतो का हेही नाही. मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवणारी आई मात्र थेट तुमच्यासाठी आहे. मुलाला जहाज आधीच आवडतंय, पैसे तुम्ही काढणार आहात. तुमचे डोळे भरून आले यात काही चूक नाही. फक्त त्या चित्रात संस्थेबद्दल एक अक्षरही नाही. 'पगार लाखात' हा आकडा युक्तिवादासारखा दिसतो, पण कोणत्या पदाचा, किती वर्षांनंतरचा? आणि 'शेवटच्या ७ जागा' तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून. कोचिंगच्या जाहिरातींत नोकरीची हमी आणि अशी खोटी घाई, दोन्हींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलीय.

आता कामाचं. संस्थेचं नाव डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर बघा. अधिकारी व्हायचं तर आयएमयू-सीईटी, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये साधारण ६० टक्के लागतात. फीच्या आधी डीजी शिपिंगमान्य डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात अडचण असेल तर डेकची, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याची, वाट बंद होते, आणि हे अनेक घरांत पैसे भरल्यावर कळतं. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी-अधिकारी भरतीचा डीजी शिपिंगचा परवाना हवा, आणि तिला त्यासाठी मुलाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी मागितले, तर तिथूनच परत फिरा.

फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. संस्थेचं पूर्ण नाव आणि मुलाचे अकरावीचे गुण मला कळवा, पुढचं आपण मिळून ठरवू.