स्वादुपिंडात 'म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम' म्हणजे कॅन्सरच का? सुईने तपासूनही डॉक्टर ठाम का बोलत नाहीत?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं : बहीण ४६ वर्षांची. सोनोग्राफी केली होती पित्ताशयातल्या खड्यांसाठी, आणि निघाली स्वादुपिंडाच्या शेपटीकडे ३.२ सेंमीची सिस्ट. सीटीवाल्यांनी 'म्युसिनस सिस्टिक निओप्लाझमची शक्यता' असं लिहिलं. मग एंडोस्कोपीतून सुई घालून आतलं पाणी काढलं, तर रिपोर्ट आला 'पेशी अपुऱ्या, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत'. आता एक डॉक्टर काढा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. 'पेशी अपुऱ्या' हे शब्द मीही अनेकदा लिहिले आहेत, म्हणून तिथूनच सांगते.

पण आधी एक गोष्ट. निओप्लाझम म्हणजे कॅन्सर नव्हे. पेशींची शरीराच्या ताब्याबाहेर झालेली नवी वाढ, एवढाच त्याचा अर्थ. ती सौम्य असू शकते, पुढे कॅन्सरकडे झुकू शकते, किंवा कॅन्सर झालेली असू शकते. लहान आकारात सापडलेल्या अशा गाठी बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्याच निघतात.

ही गाठ म्हणजे एक पिशवी समजा. आतून अस्तर आहे, आणि त्या अस्तराच्या पेशी शेंबडासारखा चिकट द्रव, म्हणजे म्युसिन, तयार करतात. अस्तराखाली दाट पेशींचा एक थर असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा थर हुबेहूब अंडाशयातल्या ऊतीसारखा दिसतो. पोटाच्या वरच्या भागातल्या अवयवात अंडाशयाची ऊती! शिकत असताना मी पहिल्यांदा ती स्लाइड बघितली तेव्हा लेबल चुकलंय असंच वाटलं होतं. आज हा थर दिसल्याशिवाय या गाठीचं निदान पक्कं धरत नाहीत. रुग्णांत ९५ टक्क्यांहून जास्त स्त्रिया, त्याही बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या, आणि गाठ बहुधा स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटीत, हे सगळं याच थराशी जुळतं. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत डाव्या बाजूचं भावी अंडाशय आणि स्वादुपिंडाचा तो भाग शेजारी-शेजारी असतात. तिथून काही पेशी चुकून इकडे राहत असाव्यात, असा एक तर्क आहे. सिद्ध झालेला नाही, पण मला पटतो. थराच्या पेशींत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांचे रिसेप्टर, म्हणजे ती जिथे चिकटतात त्या जागा, असतात, आणि गरोदरपणात ही संप्रेरकं वाढतात. म्हणूनच अशी गाठ असलेल्या स्त्रीला दिवस गेले तर डॉक्टर तिच्यावर बारीक लक्ष ठेवतात.

आता सुईचं. सुईत येतं ते पाणी. त्यात पेशी येतात त्या अस्तरावरून सुटलेल्या तेवढ्याच, तेही आल्या तर. खालचा थर सहसा येतच नाही. शिवाय एकाच सिस्टमध्ये इथे अस्तर अगदी साधं, बोटभर अंतरावर बिघडलेलं, आणि मध्येच अस्तर झडून गेलेलं, असं असू शकतं. त्यामुळे 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ मी असा वाचते : जे आलं त्यात नव्हत्या.

मग पाणी काढायचंच कशाला? कारण गाठ कुठल्या घराण्यातली आहे, हे पाणी बऱ्यापैकी सांगतं. थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ताणला आणि तार निघाली, तर म्युसिन. पाण्यातला सीईए (एक प्रथिन, काही कॅन्सरमध्ये ते रक्तातही मोजतात) १९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर असेल, तर म्युसिनस असण्याकडे कल. हा आकडा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातला आहे, आणि त्यातही पाचातला एक निष्कर्ष चुकतच होता. शिवाय हा सीईए सिस्टमधल्या पाण्याचा, रक्तातला नव्हे. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि उगाच घाबरतात. तो कितीही जास्त आला तरी 'कॅन्सर आहे' असं त्यावरून म्हणता येत नाही. पाण्यातली साखर ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल, तर तोही म्युसिनसच्या बाजूचा पुरावा.

सोंगं घेणारे भाऊबंद तीन. सिरस, म्हणजे पातळ पाण्याची, सिस्ट मधाच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची असते आणि जवळजवळ कधीच बिघडत नाही. १९७८ पर्यंत ती आणि म्युसिनस एकाच नावाखाली मोडत. कॉम्पॅग्नो आणि ऑर्टेल या पॅथॉलॉजिस्टांनी त्या वेगळ्या काढल्या, आणि एक निरुपद्रवी, दुसरी नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं. दुसरा भाऊबंद आयपीएमएन (इंट्राडक्टल पॅपिलरी म्युसिनस निओप्लाझम). तोही म्युसिन करतो, पण स्वादुपिंडाच्या नळीशी जोडलेला असतो आणि पुरुषांतही होतो. एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय, करतात ते मुख्यतः हा जोड शोधायला.

तिसरा स्यूडोसिस्ट, आणि खरी भीती याची. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर साचलेलं हे पाणी, त्याला अस्तरच नसतं. म्युसिनस गाठीला स्यूडोसिस्ट समजून तिचं तोंड जठरात उघडून दिल्याच्या चुका पूर्वी झालेल्या आहेत. गाठ तिथेच राहते, वाढते, आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड करून ठेवते. म्हणून बहिणीला पोटात तीव्र दुखून कधी दाखल व्हावं लागलं होतं का, हे नीट आठवा. तिला पित्ताचे खडे आहेत आणि खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज येते, तेव्हा हा प्रश्न तिच्या बाबतीत नुसता औपचारिक नाही. पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं एक पाचक द्रव्य) २५० युनिट प्रति लिटरच्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद.

दोन डॉक्टरांची दोन मतं पडली, त्यात कुणी चुकतंय असं नाही. २०१२ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की प्रकृती शस्त्रक्रिया झेपण्यासारखी असेल तर अशी गाठ काढावी. २०१८ ची युरोपीय म्हणतात, ४ सेंमीपेक्षा लहान, भिंतीवर गाठोळी नाही, त्रास नाही, तर पहिलं वर्ष दर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी बघत राहा. माझं मत विचाराल तर ३.२ सेंमीला घाई नाही, पण भिंत नीट बघितल्याशिवाय थांबूही नये. भिंतीवर उंचवटा, कॉन्ट्रास्ट घेणारा जाड भाग, किंवा कडेने अंड्याच्या टरफलासारखा कॅल्शियमचा थर, यातलं काही दिसलं तर मी काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूची. काहीच नसेल, तर पुढची पंचवीस-तीस वर्षं स्कॅन करत राहायचं की एकदाच सोक्षमोक्ष लावायचा, हे बहिणीने ठरवावं, तुम्ही किंवा मी नाही.

शेपटीकडची शस्त्रक्रिया अनेकदा दुर्बिणीने होते. पानथरी वाचेल का, हे सर्जनना आधीच विचारा. ती काढावी लागण्याची शक्यता असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हीमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंविरुद्धच्या लशी आधी घ्यायच्या असतात. काही जणांना नंतर मधुमेह होतो, तेही आधीच बोलून घ्या.

आणि काढलीच, तर शेवटच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात दोन गोष्टी शोधा : गाठ संपूर्ण तपासली की तिचे निवडक तुकडे, आणि कॅन्सर भिंतीत शिरलेला आढळला की नाही. संपूर्ण तपासूनही शिरलेला आढळला नाही, तर रोग तिथेच संपला. ही गाठ सहसा एकटीच असते, त्यामुळे पुढे तिच्यासाठी दरवर्षी स्कॅन करत बसावं लागत नाही.