आखाती देशांशी करार झाला तर रावेर-यावलच्या केळीला भाव मिळेल का?

प्रश्न असा होता: ‘आमची यावल तालुक्यात पाच एकर केळी आहे. आखाती सहकार्य परिषदेशी भारताचा मुक्त व्यापार करार झाला की केळीला सोन्याचा भाव येईल, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं आहे का? आणि आम्ही स्वतः माल पाठवू शकतो का?’

मी जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे निर्यातीची केळी धुऊन खोक्यांत भरतात तिथे, कागदपत्रं आणि कंटेनर सांभाळतो. बारा वर्षं झाली. तेवढ्या अनुभवावर सांगतो, या करारामुळे जकात, म्हणजे तिकडचं आयातशुल्क, कमी होऊन केळीचा भाव वाढेल हे डोक्यातून काढून टाका. दुबईत ताज्या फळांवर जकात नव्हतीच. जी नव्हतीच ती माफ कशी करणार?

आता ही परिषद म्हणजे काय ते थोडक्यात. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहरीन आणि ओमान या सहा देशांनी १९८१ साली ती स्थापन केली. मुख्यालय रियाधला. २००३ पासून त्यांची जकात एकच, बहुतेक मालावर ५ टक्के. इराण-इराक यात नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘आखातात माल गेला’ म्हणतात तेव्हा त्यातला बराचसा इराण-इराकचा असतो आणि त्याला या कराराचं काही देणंघेणं नाही.

परिषदेशी कराराची बोलणी जुनी आहेत. २००४ ला आराखड्यावर सह्या झाल्या, २००६ आणि २००८ ला दोन फेऱ्या झाल्या आणि मग सगळं थंड पडलं. २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू करायची घोषणा झाली. दरम्यान भारताने एकेकाला गाठलं. अमिरातीशी करार फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला आणि १ मेपासून लागू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये ओमानशी सह्या झाल्या. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवाले ज्याची वाट बघतायत, त्यातला आपल्यासाठी सगळ्यात मोठा तुकडा, अमिरातीतली दुबई, केव्हाच झालाय. त्यानंतर तुमच्या वडिलांना जकातीपोटी एक रुपया तरी जास्त मिळाला का? विचारून बघा.

सोन्याचा भाव केळीला नाही आला, पण करार सोन्याला मात्र लागला. जळगावच्या सराफ्यात बसलेल्या माणसाला हे माहीत असतं. भारतीय दागिन्यांवर अमिरातीत ५ टक्के जकात होती, ती गेली. उलट बाजूने अमिरातीतून येणाऱ्या सोन्याला आपण नेहमीच्या आयातशुल्कात एक टक्क्याची सूट दिली, तीही ठरलेल्या वजनापर्यंत: पहिल्या वर्षी १२० टन, पुढे वाढत २०० टन. दुबईत सोन्याची खाण नाही, सोनं तिथे येतं आणि तिथून जातं. सवलत दिली की वाटा फुटतातच. करारात प्लॅटिनमच्या मिश्रधातूलाही सवलत होती, म्हणून त्याच्या नावाने माल आणायचा आणि आत बहुतेक सोनंच, असले प्रकार निघाले आणि सरकारला नियम आवळावे लागले. केळीत असलं काही करता येत नाही, बिचारी केळी पिवळी पडते!

आकडेही बघा. २०२४-२५ मध्ये या सहा देशांशी भारताचा व्यापार सुमारे १७८ अब्ज डॉलरचा होता. त्यात आपण विकलं साधारण ५७ अब्जांचं, आणलं १२१ अब्जांहून जास्त. तेल, गॅस, सोनं, प्लॅस्टिकचा कच्चा माल. ट्रॅक्टरचं डिझेल आणि ठिबकच्या नळ्यांचा दाणा यांची मुळं बऱ्याचदा तिकडेच निघतात. युरियाची गोष्ट तर मला फार आवडते. ओमानमध्ये सूर नावाच्या बंदरावर एक खत कारखाना आहे, ओमिफको. त्यात निम्मी मालकी ओमानची आणि उरलेली निम्मी इफको-कृभकोची, म्हणजे आपल्याच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची. गॅस तिथे स्वस्त, म्हणून कारखाना तिथे. गुंतवणूक म्हटलं की शेख इकडे पैसा घेऊन येतो असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे सोसायटीतून पोतं घेणाऱ्याचा पैसा तिकडे गेलाय.

आता केळी. आखातात आपली स्पर्धा इक्वेडोर आणि फिलिपिन्सशी आहे. इक्वेडोरचं जहाज यायला महिन्याच्या आसपास, फिलिपिन्सचं दोन-तीन आठवडे. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराहून दुबईच्या जेबेल अली बंदराला चार-पाच दिवस. एवढी जवळीक देवाने दिलीय. शिवाय दिरहम, म्हणजे अमिरातीचं चलन, डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७. इक्वेडोरचं तर स्वतःचं चलनच नाही, २००० सालापासून तिथे डॉलरच चालतो. त्यामुळे रुपया घसरला की आपली केळी तिकडच्या गिऱ्हाइकाला स्वस्त पडते आणि इक्वेडोरची आहे तिथेच राहते. जकातीपेक्षा या एका गोष्टीचा आमच्या सौद्यांवर जास्त परिणाम होतो. दुसरा परिणाम रमजानचा. रमजानच्या आधीचे काही आठवडे तिकडून फोन थांबत नाहीत, आणि नेमका तेव्हा आपल्याकडे एकसारखा माल नसला की बोंब.

मग अडतं कुठे? थंडाव्यात. निर्यातीची केळी हिरवी काढायची, तुरटीच्या पाण्यात धुवायची, तेरा किलोच्या खोक्यात भरायची आणि साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवून थेट तिकडच्या पिकवणी खोलीपर्यंत न्यायची. बारा अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते. वर गेली की वाटेतच पिकते. आमचा एक कंटेनर असाच गेला. न्हावाशेव्याला यार्डात तो काही तास विजेशिवाय उभा होता. कुणाच्या चुकीने, ते आजपर्यंत कुणी कबूल केलं नाही. जेबेल अलीला दार उघडलं तर मागची रांग पिवळी. खरेदीदाराने फोटो पाठवले आणि खाली एक ओळ, ‘निम्मे पैसे’. आत ठेवलेल्या तापमान नोंदणी यंत्राचा आलेख आम्ही पाठवला, जहाज कंपनीने तो ‘तपासतो’ म्हटलं आणि अजून तपासतेय. त्या दिवशी भारत-अमिराती कराराची प्रत ऑफिसच्या कपाटात होती. तिचा काय उपयोग?

सोलापूरवाल्यांना हे आपल्या आधी कळलं. करमाळा, टेंभुर्णी, कंदर या पट्ट्यात निर्यात आपल्यापुढे निघून गेली, आणि केळीचा जिल्हा मात्र अजून जळगावच. वाईट वाटतं. आपल्याकडे अडचणी खऱ्या आहेत. थंडीत पारा दहाच्या खाली, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर, त्यात हरण्या आणि करपा हे केळीवरचे रोग. पण मुख्य अडचण सवयीची आहे. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या केळी लिलावाकडे कान लावायचे, व्यापारी बांधावर आला की बाग सरसकट काढून ट्रक उत्तरेला लावायचा. त्यात साल डागाळू नये म्हणून घडाला पिशवी घालायची गरजच पडत नाही. २०१६ ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल याच भागाचा अशी सरकारी ओळख, मिळालं, २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली तेव्हा केवढ्या बातम्या आल्या. माल होता २२ टन. म्हणजे जेमतेम एक कंटेनर.

गुंतवणुकीचं थोडं सांगतो, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी ते यातच येतं. न्हावाशेव्याची काही टर्मिनल दुबईची डीपी वर्ल्ड कंपनी चालवते. जेबेल अली बंदरही तिचंच. म्हणजे तुमचं खोकं इथे चढताना आणि तिथे उतरताना दोन्हीकडे एकाच घरचा हात लागू शकतो. सौदीच्या सरकारी निधीने २०२० साली जिओत ११,३६७ कोटी घातले, अबू धाबीनेही घातले. मोठा पैसा असाच मोबाइल आणि बंदरांत जातो. शेतमालासाठी एकदा घोषणा झाली होती: जुलै २०२२ मध्ये अमिरातीने भारतात अन्नप्रक्रिया पार्कांसाठी २ अब्ज डॉलर जाहीर केले. राज्यं कोणती, तर गुजरात आणि मध्य प्रदेश. नवापूर ओलांडलं की एक, रावेर ओलांडलं की दुसरं. मधल्या खान्देशाने फक्त नकाशा बघायचा.

तुमचा दुसरा प्रश्न, स्वतः पाठवायचं का. एका कंटेनरला वीस टन माल लागतो. खराब फण्या काढून घडाला वीस किलो निर्यातीचा माल निघाला, तरी हजार घड एका-दोन दिवसांत, एकाच जाडीचे, कापायला हवेत. पाच एकरांत सात हजारांच्या आसपास झाडं असतील, पण ती काही एका दिवशी तयार होत नाहीत. त्यामुळे एकट्याने नको. शेजारचे चार-पाच जण एकाच आठवड्यात रोपं लावणारे शोधा, घडाला पिशवी आणि फण्यांची निगा यंदापासून सुरू करा, फवारणीची वही ठेवा, आणि आधी दोन हंगाम एखाद्या पॅकहाऊसला द्या. कुणी दुबईचा माणूस ‘माल पाठवा, विकला की पैसे देतो’ म्हणाला तर हात जोडा. पिवळी रांग त्याच्याच फोटोत निघते, आणि तुम्ही तिथे बघायला नसता.