‘अरीय’ चालेल, ‘चक्री’ नको: विमानांच्या जुन्या इंजिनांची नावं

पुण्यातल्या एक अनुवादक दिवाळी अंकासाठी पहिल्या महायुद्धातल्या विमानांवरचा लेख मराठीत आणत आहेत. त्यांनी विचारलंय: ‘रेडियल इंजिन’ला ‘अरीय इंजिन’ आणि ‘रोटरी इंजिन’ला ‘चक्री इंजिन’ म्हटलं तर चालेल का? चित्रांत दोन्ही सारखीच दिसतात, मग फरक नेमका कशात?

‘अरीय’ बिनधास्त वापरा. बैलगाडीच्या चाकाचा आरा आणि संस्कृत ‘अर’ हे एकच. तारामाशाची ‘अरीय सममिती’ बालभारतीच्या विज्ञानामुळे मुलांनाही ठाऊक असते. या इंजिनात सिलिंडर एका रांगेत नसतात. मधल्या गोल क्रँककेसभोवती, म्हणजे क्रँकशाफ्ट हा मुख्य दांडा ज्या पेटीत असतो तिच्याभोवती, ते आऱ्यांसारखे बसवलेले असतात आणि सगळे पिस्टन क्रँकच्या एकाच पिनेला ढकलतात. पिस्टनला पिनेशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडांपैकी एक मुख्य, बाकीचे त्याच्या मुंडीला जोडलेले.

खरी अडचण पुढे आहे. रोटरी इंजिनाची रचनाही अरीयच असते! म्हणजे ही दोन नावं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. पहिलं नाव मांडणी सांगतं, दुसरं काय फिरतं ते सांगतं. इंजिन बंद असताना काढलेल्या चित्रात हा फरक दिसणार कसा?

नेहमीच्या अरीय इंजिनात सिलिंडर जागच्या जागी, क्रँकशाफ्ट फिरतो आणि पंखा त्याच्याबरोबर. रोटरीत हे नेमकं उलट. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट आवळलेला, आणि सिलिंडरांसकट अख्खी क्रँककेस गरगर फिरते. पंखा तिलाच बसवलेला. मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे. यातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. सिलिंडर शाफ्टच्या मध्याभोवती फिरतात, पण पिस्टन फिरतात ते बाजूला सरकलेल्या, स्थिर पिनेभोवती. दोन वर्तुळं, दोन केंद्रं. या केंद्रांमधल्या अंतरामुळेच पिस्टन सिलिंडरच्या आत-बाहेर होतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पिस्टन मागेपुढे होत नाही, नुसता गोल फिरतो.

आता ‘चक्री’. मराठीत हा शब्द आवर्तनाचा किंवा पाळीपाळीचा अर्थ घेऊन येतो: चक्री उपोषण, चक्रवाढ व्याज. चक्रीवादळात वारा गोल फिरतो हे खरं, पण ‘चक्री इंजिन’ वाचणारा बहुतेक चार स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या चार धावांच्या, चक्राकडे जाईल, आणि ते चक्र तर दोन्ही इंजिनांत आहे. भूगोलातले ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ घ्यावेत तर आणखी गुंता. इंजिन अख्खं धरलं तर ते स्वतःभोवती फिरतं, म्हणजे परिवलन. एकेक सिलिंडर धरला तर परिभ्रमण. नुसतं ‘फिरतं इंजिन’ही पुरत नाही. फिरता रंगमंच जागेवर गोल फिरतो, पण फिरतं वाचनालय गावोगाव जातं. म्हणून माझा कौल ‘फिरत्या सिलिंडरांचं इंजिन’ला. लांब आहे, पण चुकवत नाही. पहिल्यांदा हे लिहा, पुढे खुशाल ‘रोटरी’ म्हणा.

लेखात पुढे सिलिंडर विषम संख्येत का, हा प्रश्न येईलच. चार स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. नऊ असतील तर एक सोडून एक जायचं: 1, 3, 5, 7, 9, 2, 4, 6, 8. दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी लागते, ठिणग्यांमधलं अंतरही सारखं राहतं. आठ घेतले तर 1, 3, 5, 7 नंतर पुन्हा 1 येतो आणि सम क्रमांकाचे तसेच राहतात.

‘कॅस्टर ऑइल’ हा शब्द आला तर सरळ ‘एरंडेल’ लिहा. रोटरीत पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जायचं. साधं खनिज तेल त्या पेट्रोलात विरघळून पातळ झालं असतं, एरंडेल सहजी विरघळत नाही. पण ते परतही येत नसे. जळलेल्या वायूबरोबर बाहेर उडायचं आणि वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर बसायचं. ‘एरंडेल’ म्हटल्यावर मराठी वाचकाला त्याचा वास आणि पोटावरचा परिणाम दोन्ही आठवतात. तसं ‘कॅस्टर ऑइल’ने होत नाही.

फ्रान्सच्या सेगँ बंधूंच्या ‘नोम’ या रोटरी इंजिनाने 1909च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. तेव्हा विमानं सावकाश उडत, वाऱ्याने सिलिंडर पुरेसे थंड होत नसत. सिलिंडरच फिरवले की तो प्रश्न मिटतो, आणि फेरे एकसारखे ठेवणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हीलही लागत नाही. पण एवढं वजन फिरत असलं की विमान वळवताना नाक भलतीकडे जायला बघतं. सॉपविथ कॅमल हे ब्रिटिश लढाऊ विमान उजवीकडे झटकन वळे आणि नाक खाली घाली, डावीकडे वळताना नाक वर काढी. भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक 1917 साली हेच विमान लढाईत चालवत होते. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडायचा आणि सोडायचा, त्यामुळे आवाज तुटक येई. वेग वाढवावा तर फिरणाऱ्या सिलिंडरांना हवेचाच अडथळा वाढे. महायुद्ध संपताच रोटरी मागे पडलं.

स्थिर सिलिंडरांचं अरीय इंजिन मात्र टिकलं. 1927 साली अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून गेले ते राइट व्हर्लविंड या इंजिनाच्या नऊ सिलिंडरांवर. 27 ऑक्टोबर 1947ला श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटा विमानांच्या दोन्ही इंजिनांत चौदा-चौदा सिलिंडर होते, सातासातांच्या दोन ओळी; ओळीपुरती संख्या विषमच.

एक सावधगिरी. माझदाच्या मोटारींतलं ‘रोटरी’ म्हणजे वांकेल इंजिन. त्यात असे पिस्टन नसतातच, तिकोनी रोटर असतो. नाव एक, यंत्र निराळं, तेव्हा तळटीप द्या.

‘पिस्टन’ला ‘दट्ट्या’ करायचा मोह होईल. शब्द अस्सल आहे, पण नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही पिस्टनच म्हणतात. क्रँकशाफ्टचंही तेच. हे दोन्ही तसेच ठेवा.