शिकाऊ उमेदवारीच्या करारावर सही कोणाची?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका वडिलांचे पत्र आहे. मुलगा १९ वर्षांचा. दहावीनंतर त्याने शासकीय आयटीआयमधून टर्नर (लेथ यंत्रावर धातू कातणारा कारागीर) हा दोन वर्षांचा ट्रेड ८१ टक्के गुणांनी पूर्ण केला आणि चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एक वर्षाच्या ॲप्रेंटिसशिपसाठी, म्हणजे शिकाऊ उमेदवारीसाठी, त्याची निवड झाली. विद्यावेतन महिना १२,००० रुपये आहे. मेहुण्यांच्या ओळखीचा एक लेबर कॉन्ट्रॅक्टर त्याच भागात ‘ट्रेनी’ म्हणून १८,००० रुपये द्यायला तयार आहे. वडील लिहितात, ‘‘वर्षभर कमी पैशांत राबवून घेतील आणि मग घरी पाठवतील. म्हणून कंपनीचे पत्र आणि त्याची मूळ प्रमाणपत्रे मी माझ्या कपाटात ठेवली आहेत. त्याने पोलीस भरतीची तयारी करावी, डिप्लोमा करावा की १८ हजारांची नोकरी धरावी, एवढेच सांगा.’’

उत्तर : तुम्ही तीन पर्याय मांडले आहेत आणि मुलाने स्वतः मिळवलेला चौथा पर्याय त्यांत नाही. चार पानांच्या पत्रात मेहुण्यांचे मत आहे, शेजारच्या इंजिनीअर मुलाचे पॅकेज आहे, उद्या स्थळे पाहताना ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ही चिंताही आहे. मुलाच्या इच्छेविषयी मात्र एकच वाक्य आहे : ‘‘त्याला लेथवर काम करायला आवडते, पण या वयात त्याला काय कळते?’’ पत्रातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मला हे वाक्य वाटली आणि त्याखालोखाल ते कपाट.

गुणांची मला काळजी नाही. ज्याने दोन वर्षे वर्कशॉपमध्ये उभे राहून ८१ टक्के मिळवले आणि कोणाच्याही ओळखीशिवाय निवड मिळवली, त्या मुलाला आपले भले कशात आहे याचा थोडाफार अंदाज असेल, असे मानायला हरकत नसावी. तुम्ही पत्रभर ‘‘परवानगी द्यावी की नाही’’ असे लिहिले आहे. पण कायद्याने ही परवानगी तुमच्याकडे मागितलेलीच नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार वयाची १४ वर्षे, आणि धोकादायक उद्योगांत १८ वर्षे, पूर्ण झालेल्या व्यक्तीला शिकाऊ उमेदवार होता येते, आणि उमेदवार अज्ञान असेल तेव्हाच त्याच्या वतीने पालक करार करतात. तुमचा मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे हा करार त्याच्यात आणि कंपनीत होणार आहे. त्याची प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याला मी काळजी म्हणणार नाही, आणि रुजू होण्याची तारीख टळली तर कंपनी त्याची वाट पाहत थांबणारही नाही. तेव्हा ती आजच त्याच्या हाती द्या आणि या उत्तराचा पुढील भाग जमल्यास त्याच्याबरोबर बसून वाचा.

तुमची भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणत नाही. शिकाऊ उमेदवारांना लाइनवर उभे करून फक्त उत्पादन काढून घेणारे कारखाने आहेत, आणि पालकांच्या मनात ‘ॲप्रेंटिस’ या शब्दाविषयी जो कडवटपणा साठला आहे, त्यात अशा कारखान्यांचा मोठा वाटा आहे. तरीही तुमचा हिशेब चुकतो, कारण तुम्ही या वर्षाला कमी पगाराची नोकरी समजत आहात आणि म्हणून १२ हजार व १८ हजार एकाच तागडीत टाकत आहात. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. म्हणूनच त्याला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. त्याच कारणाने मालकावरही बंधने येतात : उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन-बोनसच्या योजनेत ओढता येत नाही, शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. कामगारांच्या आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू असतात आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते. किमान विद्यावेतनही नियमांनी ठरलेले आहे. २०१९ च्या नियमांत ते आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिना ७,००० रुपये होते, प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढीसह. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. हा किमान दर आहे, कंपनी त्याहून अधिक देऊ शकते. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, जे आयटीआयच्या प्रमाणपत्रापेक्षा वेगळे आणि त्याच्या जोडीला मोजले जाणारे आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या ‘ट्रेनी’ या पदनामाला यांतले काहीही चिकटलेले नसते. तेथे तुमचा मुलगा कंत्राटी कामगार असेल, त्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर ज्या कारखान्यात त्याने घाम गाळला त्याच्याऐवजी कॉन्ट्रॅक्टरचे नाव असण्याची शक्यता अधिक, आणि त्याला शिकवण्याचे बंधन कोणावरही नसेल.

हा फरक कागदावरचा वाटत असेल, तर टर्नरच्या कामाकडे पाहा. आजच्या कारखान्यात टर्नर बहुधा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर उभा असतो आणि तेथे ऑपरेटर व सेटर अशा दोन पायऱ्या असतात. ऑपरेटर जॉब (कातायचा धातूचा तुकडा) चढवतो, सायकल सुरू करतो, जॉब उतरवतो. सेटर ड्रॉइंग वाचतो, टूल लावतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) झिजल्याचे पृष्ठभागावरून ओळखतो, पहिला नग मायक्रोमीटरने तपासून मगच मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. ऑपरेटरचे काम काही आठवड्यांत शिकता येते, आणि म्हणूनच त्या जागेवर माणूस बदलणे कंपनीला सोपे जाते. सेटर तयार व्हायला वेळ लागतो. कोणीतरी शेजारी उभे राहून चुका दाखवाव्या लागतात. कॉन्ट्रॅक्टरने पाठवलेल्या मुलाला महिन्याभरात लोडिंग-अनलोडिंगला लावले की तो तेथेच राहतो, कारण त्याला पुढचे शिकवण्यात कोणाचाही फायदा नसतो. १८ हजारांची जागा ही बहुधा अशीच असणार. तीन वर्षांनीही ती २० हजारांच्या आसपास रेंगाळली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग कंपनी हे शिकवण्याचे काम का करते, हा तुमच्या पत्रात दडलेला संशय आहे. ‘‘सरकारकडून पैसे उकळायला’’ हे मेहुण्यांचे उत्तर अर्धवट आहे. पहिले कारण सक्तीचे आहे : ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. सरकारी मदत आहे, पण ती ठरलेल्या विद्यावेतनाच्या २५ टक्के आणि महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये इतकीच आहे, आणि २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होते. तेवढ्यासाठी कोणी कारखाना शिकवणीचा खटाटोप करणार नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे. मुलाखतीच्या अर्ध्या तासात उमेदवाराचा हात कसा आहे ते कळत नाही. वर्षभरात तो वेळेवर येतो का, चुकलेला नग लपवतो की दाखवतो, रात्रपाळीत त्याचे लक्ष टिकते का, हे सारे सुपरवायझरला कळते, आणि बाहेरून आणलेला माणूस आपल्या मशीनवर, आपल्या पद्धतीने तयार करण्याचा खर्चही वाचतो. ज्या देशांत ही पद्धत मुरलेली आहे तेथेही हिशेब असाच चालतो. स्वित्झर्लंडमधील बहुतेक कंपन्यांचा खर्च प्रशिक्षणाच्या काळातच उमेदवाराच्या कामातून भरून निघतो. जर्मनीत सरासरी कंपनी त्या काळात पदरचे पैसे घालते आणि शिकलेला माणूस पुढे कामावर राहिला की ते वसूल करते. कंपनीला फायदा होतो म्हणजे आपल्या मुलाचे नुकसान होते, हे गणित येथे लागू पडत नाही. कंपनीला ज्या उमेदवारात पुढील फायदा दिसतो, त्यालाच ती मन लावून शिकवते.

वर्षानंतर नोकरीची हमी आहे का? नाही, आणि तशी हमी देणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका. प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना कामावर घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे, एवढे कायदा सांगतो. करारातच नोकरीची अट असेल तरच मालक बांधील असतो. उत्तर प्रदेशातील राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीपेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. पण प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे. रेल्वेत लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या, २० टक्के जागा प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांसाठी असतात, मात्र त्या रेल्वेच्याच आस्थापनांत शिकलेल्यांसाठी. तुमच्या मुलाला याच कारखान्यात कायम करतील असे धरून चालू नये. सीएनसी सेटिंग येणारा, प्रमाणपत्रधारक टर्नर म्हणून तो चाकण, रांजणगाव किंवा शिरवळच्या दुसऱ्या दारात उभा राहू शकेल, एवढे धरून चालायला मात्र हरकत नाही.

आता त्याने काय तपासायचे, ते सांगतो. आणि हे त्याने स्वतः विचारायचे आहे, तुम्ही कंपनीच्या एचआरला फोन करायचा नाही. करार शासनाच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदला गेला आहे का आणि त्याचा क्रमांक काय, हा पहिला प्रश्न. नोंद नसेल तर ते पद ॲप्रेंटिसचे नाही, पत्रावर काहीही छापलेले असो. करारात ट्रेड ‘टर्नर’ असाच लिहिलेला असावा, विद्यावेतन बँकेत जमा व्हावे आणि ट्रेडशी संबंधित तासिका कोठे व कधी होणार हे स्पष्ट असावे. गेल्या वर्षीच्या बॅचमधील किती मुलांना ठेवून घेतले, हे एचआरपेक्षा त्या बॅचमधील एखाद्या मुलाला कँटीनमध्ये विचारले तर लवकर कळते. महिनोन्महिने केवळ पॅकिंगला उभे केले, तर त्याने आधी सुपरवायझरशी बोलावे, नंतर लेखी द्यावे आणि तरीही फरक पडला नाही तर जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयाकडे, म्हणजे बीटीआरआयकडे, जावे. आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या : हा करार दोन्ही बाजूंना बांधतो. मालकाने अटी मोडल्या तर त्याला भरपाई द्यावी लागते, आणि उमेदवार कारण नसताना मध्येच निघून गेला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडे मागता येतो. त्यामुळे ‘‘सध्या जाऊ दे, भरती निघाली की परत बोलावू’’ असा बेत मनात असेल, तर तो आताच सोडा.

पोलीस भरती दर वेळी असते तशीच आहे : मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, प्रचंड स्पर्धा, मुलाला स्वतःला वर्दी हवी असेल तरच त्या वाटेने जावे, आणि तुमच्या पत्रात तसा कोठेही सूर नाही. डिप्लोमाबाबत सांगायचे तर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही दारे एका वर्षाने बंद होत नाहीत. उलट ज्याने वर्षभर खरे ड्रॉइंग वाचून नग काढले आहेत, त्याला डिप्लोमाचे विषय कोरडे वाटत नाहीत. निर्णय पुढील उन्हाळ्यात त्याने घ्यावा.

१२ हजारांत चाकणला राहणे कठीण आहे, ही तुमची एक अडचण मात्र खरी आहे. तीन-चार जणांत मिळून खोली घेतली, कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवण आणि बस मिळाली, तरीही त्याच्याकडून घरी पैसे येणार नाहीत, आणि रात्रपाळीच्या महिन्यात तो खंगलेला दिसेल. जमत असेल तर खोलीची अनामत रक्कम तुम्ही भरा. या वर्षी बापाने करण्यासारखे काम मला तेवढेच दिसते. मेहुण्यांना नाराज करायचे नसेल, तर कॉन्ट्रॅक्टरची जागा नाकारू नका, फक्त वर्षभर पुढे ढकला, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र व सेटिंगचा अनुभव घेऊन आलेल्या टर्नरला तो किती देईल, हे आजच विचारून ठेवा.