पावसाळ्यात डिश अँटेनावर प्लास्टिकचं कव्हर घातलं तर सिग्नल कमी होतो का?

कव्हर कोरडं असेल तर नाही. ओलं झालं की होतो, आणि चांगलाच होतो. तुम्ही मुलुंडला राहता म्हणताय, मग जूननंतर ते कोरडं सापडणार कधी?

मी डिश आणि व्हीसॅट (उपग्रहावरून इंटरनेट, डेटा देणारी छोटी अँटेना) बसवायची कामं करतो. गेल्या जुलैत घाटकोपरच्या एका सोसायटीतून तक्रार आली : पाऊस थांबला तरी चित्र अडकतंय. गच्चीवर जाऊन बघतो तर काकांनी निळी ताडपत्री डिशवर, एलएनबीसकट (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा), सुतळीने आवळलेली. झोळात वाटीभर पाणी, बाकी सगळीकडे ओल. ताडपत्री तशीच ठेवून पाणी ओतून टाकलं, फडक्याने पुसलं, तर मीटरवर सिग्नलची क्वालिटी सरसर चढली. काका म्हणाले, "अरे, प्लास्टिक तर तेच आहे!" तेच तर.

पातळ प्लास्टिकमधून लहरी जवळपास आरपार जातात. पाणी त्या परतवतं आणि शोषतंही. घरच्या डिशचा केयू बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झचा. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पाण्याचा सलग पापुद्रा निम्म्याहून जास्त सिग्नल खातो. गंमत म्हणजे तेच पाणी उघड्या डिशच्या पत्र्याला चिकटलेलं असलं तर फारसं बिघडत नाही, कारण धातूला लागून लहरीचं विद्युत क्षेत्र जवळपास शून्य असतं. म्हणजे कव्हर घालून आपणच पाणी नको तिथे धरून ठेवतो. धो धो सरीत सिग्नल जातो तो वाटेतल्या पावसामुळे, त्याला कव्हर काय करणार?

मग कुलाब्याच्या हवामान रडारवर पांढरा गोळा कशाला? तो रेडोम, म्हणजे अँटेनासाठी मुद्दाम बनवलेलं कवच. असल्या रेडोमच्या भिंतीची जाडी लहरीच्या लांबीवरून ठरवतात, पाणी टिकू नये म्हणून लेपही देतात. शिवाय त्या रडारची लहर १० सेंटिमीटरची, तुमची जेमतेम अडीच. लांब लहरीला ओल कमी जाचते.

गाडीचं चंदेरी कव्हर तर चुकूनही नको, आत ॲल्युमिनियमचा थर असला तर सिग्नल शून्य.

कव्हर काढा. डिशला पावसाचं भय नाही, भय एलएनबीला. तिच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकलीय का बघा (आमच्याकडे कावळे चोची मारतात), तडकली असेल तर एलएनबी बदला. कनेक्टरवर रबरी टेप ताणून गुंडाळा आणि वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथेच ठिबकेल.