गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिल्यांदा जातोयस?

स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघणं), झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणं) आणि नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी असं सगळं एका दिवसात कोंबू नकोस. ग्रँड आयलंड वास्कोजवळच्या समुद्रात, नेत्रावळी पार सांगे तालुक्यात. अर्धा दिवस गाडीतच जाईल. तळी दुसऱ्या दिवशी निवांत बघ, गोपीनाथाच्या देवळाला लागूनच आहे.

समुद्राला सकाळच बरी, तीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली. स्नॉर्केलिंगचा मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकव आणि नाकाने श्वास आत ओढ. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तरच घे. मिशी असेल तर पाणी हमखास तिथूनच शिरतं. प्रवाळावर पाय अजिबात ठेवू नकोस, ते जिवंत असतं रे! बोटीत मळमळत असेल तर नाश्ता हलका कर.

झिपलाइनला चपला नकोत, बूट घाल. अंगाला बांधायच्या हार्नेसचे पट्टे स्वतः ओढून बघ.