मंदक्रोध म्हणजे कमी रागीट?

प्रश्न असा आला आहे: उपासनेत बायबलमधले स्तोत्र १०३ वाचताना परमेश्वर ‘मंदक्रोध’ आहे असे येते. मंद म्हणजे फिका, कमजोर. मग देवाचा राग कमजोर असतो असे समजायचे का? आणि हा शब्द माणसाला लावता येतो का?

इथला ‘मंद’ मंदगतीतला आहे, मंद प्रकाशातला नव्हे. राग यायला किती वेळ लागतो एवढेच तो सांगतो. ज्याचा क्रोध मंद तो मंदक्रोध, असा हा बहुव्रीही समास. शब्द विशेषण आहे, त्यामुळे ‘त्याला मंदक्रोध आला’ हे चूक, ‘तो मंदक्रोध आहे’ हे बरोबर. याच्या उलट शीघ्रकोपी.

बायबलच्या निर्गम या पुस्तकातला ३४:६ उघडून पाहा. तिथे परमेश्वर इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्यासमोर स्वतःचे वर्णन याच शब्दाने करतो. त्याआधी दोनच अध्याय सोन्याच्या वासराचा प्रसंग आहे: लोक वासराची मूर्ती करून तिची पूजा करतात. परमेश्वराचा कोप इतका भडकतो की तो लोकांना भस्म करण्याची भाषा करतो. मोशे विनवणी करतो तेव्हा तो अनर्थ टळतो. मग मोशे खाली उतरतो, वासरू आणि नाच पाहून स्वतःच संतापतो आणि देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडतो. मंदक्रोध हा शब्द येतो तो नव्या पाट्या घडवून मोशे पुन्हा सीनाय डोंगर चढून गेल्यावर! एवढ्या संतापानंतर आलेल्या शब्दाचा अर्थ ‘कमजोर रागाचा’ असा लावता येणार नाही.

मूळ हिब्रू शब्दप्रयोग आहे ‘एरेख अप्पायिम’, शब्दशः ‘लांब नाकाचा’. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. आपणही ‘राग कसा नाकाच्या शेंड्यावर’ म्हणतोच, तेव्हा मराठी माणसाला हे परके वाटू नये. बायबलच्याच नीतिसूत्रे या पुस्तकात तापट माणसाला ‘आखूड नाकाचा’ म्हटले आहे. आता हा ‘लांब’ जसाच्या तसा उचलून ‘दीर्घक्रोध’ केले असते तर घात झाला असता. आपल्याकडे दीर्घद्वेषी म्हणजे वर्षानुवर्षे डूख धरणारा. अर्थ थेट उलटा झाला असता. ‘मंद’ निवडणाऱ्या भाषांतरकारांचे मला मनापासून कौतुक वाटते.

राग उशिरा येणे ही झाली अर्धी गोष्ट. स्तोत्र १०३ मधली पुढचीच ओवी म्हणते की तो कायम राग धरून ठेवत नाही. प्रेषित पौलही इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात रागवायची मनाई करत नाही. त्या रागात पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत तो ठेवू नका, असे सांगतो. प्रभू येशूनेही सभास्थानात, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करण्याआधी, भोवतालच्यांकडे रागाने पाहिले. शुभवर्तमानकार मार्काने त्या रागाच्या जोडीला येशूचे दुःखही नोंदवले आहे, त्यांची मने कठीण झाली म्हणून झालेले.

माणसाला हा शब्द लावता येतो का? खुशाल लावा. नीतिसूत्रे १६:३२ मध्ये तोच हिब्रू प्रयोग माणसासाठी आहे आणि असा माणूस शूरवीराहून श्रेष्ठ ठरवला आहे. योना या संदेष्ट्याने मात्र हा शब्द तक्रारीत वापरला. निनवे शहराचा नाश टळला म्हणून तो भडकला आणि देवालाच म्हणाला, तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून तर मी पळालो. देवाने त्याला उलट दटावले नाही, राग करणे तुला योग्य आहे का, एवढेच विचारले.

एक पथ्य पाळा. वरून गप्प आणि आत धुमसत राहणाऱ्याला मंदक्रोध म्हणू नका. राग गिळून महिनोन्महिने अबोला धरणाऱ्यासाठी घुम्या, आतल्या गाठीचा, असे अस्सल शब्द आपल्याकडे आहेतच.